कुरुंद्याचा पाऊस समुद्राच्या तळाशी

जुलै 2022 मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात पाऊस असा कोसळला की कुरुंदा गावाला पुरानं वेढा घातला. पाणी ओसरलं तेव्हा घराघरांत काळा, चिकट गाळ उरला होता. आपल्याच शिवारातली, हळदीच्या आणि केळीच्या रानातली माती उंबरा ओलांडून आत आली होती. लोकांनी ती फावड्यानं ओढली, घमेल्यांनी बाहेर टाकली. राहिलेली पुढच्या पावसानं पुन्हा ओढ्याला नेली असणार. गावाजवळच्या टोकाईच्या गडावर उभं राहून पाहिलं तर ही माती कुठे जाते ते दिसत नाही, पण वाट ठरलेली आहे. ओढ्यातून आसनेत, नांदेडजवळ आसनेतून गोदावरीत, मग तेलंगण आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात.

या वाटेच्या शेवटी, समुद्राच्या तळाशी, आपल्या पावसाचा हजारो वर्षांचा हिशेब पडून आहे. तो लिहिणारे जीव खसखशीच्या दाण्याहून लहान आहेत.

त्यांचं नाव फोरॅमिनिफेरा. शास्त्रज्ञ थोडक्यात फोरॅम म्हणतात. 'फोरामेन' म्हणजे लॅटिनमध्ये छिद्र. कवचाला छिद्रं असणारे ते फोरॅमिनिफेरा. अल्सीद दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं 1826 मध्ये त्यांना हे नाव दिलं तेव्हा त्याची समजूत अशी होती की हे माकूळ-नळाच्या जातीतले अगदी छोटे प्राणी असावेत. नऊच वर्षांनी फेलिक्स द्युजार्दाँनं दाखवून दिलं की हा सारा जीव एका पेशीचा आहे. एकच पेशी, पण ती समुद्राच्या पाण्यातून चुना गोळा करून स्वतःभोवती घर बांधते. वाढ झाली की जुन्या खोलीला लागून नवी मोठी खोली काढते. ना हात, ना डोळे, तरी प्रत्येक जातीच्या घराचा आराखडा ठरलेला असतो.

बहुतेक जाती तळाच्या चिखलात राहतात. पन्नासेक जाती मात्र पाण्यात तरंगत जगतात. त्यांतली ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर ही आपल्या गोष्टीतली मुख्य. 'रुबर' म्हणजे तांबडी. तिचा गुलाबी प्रकार हिंदी महासागरातून सुमारे 1 लाख 20 हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. आपल्याकडे आता पांढरीच मिळते. तिच्या अंगात एकपेशीय शैवालं राहतात आणि त्यांना ऊन लागतं, म्हणून ती पृष्ठभागाजवळच असते. आयुष्य काही आठवड्यांचं. मेली की रिकामं कवच खाली बुडू लागतं आणि थोड्याच दिवसांत तळाला टेकतं. त्याच तळावर गोदावरीनं आणलेली दख्खनची माती बसत असते. माती आणि कवचं, कवचं आणि माती, असे थर वर्षानुवर्षं चढत जातात.

2006 मध्ये 'जॉइडिस रेझोल्यूशन' हे खोदकामाचं जहाज भारताच्या किनाऱ्याजवळ आलं होतं. समुद्रतळाखाली गोठलेल्या स्थितीत अडकलेला नैसर्गिक वायू, म्हणजे गॅस हायड्रेट, शोधण्याची ती मोहीम होती. गोदावरीच्या मुखासमोर 1,268 मीटर खोल पाण्यातून त्यांनी गाळाचा एक उभा स्तंभ बाहेर काढला, सुमारे साडेआठ मीटर लांबीचा. तेवढ्यात 11 हजार वर्षं मावली होती. सरासरी काढली तर एका सेंटिमीटरमागे साधारण तेरा वर्षं. वायू शोधायला गेलेल्यांच्या हाती आपल्या मोसमी पावसाचा इतिहास लागला. माझ्या मते त्या मोहिमेची आपल्यासाठी सर्वांत मोलाची कमाई तीच.

हा गाळ वाचण्याची सुरुवात स्वयंपाकघरातल्या कामासारखी असते. थोडा गाळ पाण्यात भिजवायचा, 63 मायक्रॉनच्या चाळणीत घ्यायचा आणि पाण्याच्या हलक्या धारेखाली धरायचा. आधी पाणी काळं निघतं, कुरुंद्याच्या ओढ्यासारखं. मग राखाडी होतं, मग नितळ. चाळणीत चिमूटभर रवा राहतो. तो वाळवून काळ्या ताटलीत पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला की रव्याचा दाणा न् दाणा घर होतो. रुबरचं कवच म्हणजे तीन फुगीर हरभरे एकमेकांना चिकटवावेत तसं, मधे कमानदार खिडकी, अंगभर बारीक भोकं. ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक उचलून वेगळं करायचं. श्वास जोरात सोडला तर तासाभराची मेहनत उडून जाते.

पाऊस त्यात कसा दिसतो? कवचाच्या चुन्यात ऑक्सिजन असतो आणि तो पाण्यातूनच घेतलेला असतो. ऑक्सिजनचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. बहुतेक 16 वजनाचे, पण हजारात दोनेक 18 वजनाचे. समुद्राच्या पाण्याची वाफ होताना हलक्या अणूंचं पाणी जास्त उडतं, जडाचं मागे रेंगाळतं. ढग देशाच्या आत येता येता वाटेत बरसतो, तेव्हा जड पाणी आधी गळून पडतं. म्हणजे दख्खनवर पडणारं आणि गोदावरीतून परत जाणारं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं असतं. पावसाळा दणकून झाला की हे हलकं गोडं पाणी उपसागराच्या माथ्यावर पसरतं आणि रुबर त्याच पाण्यातून आपलं घर बांधते. पावसानं दगा दिला की वरचं पाणी खारट आणि जड राहतं, कवचही जड होतं. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र हा फरक मोजतं.

हिशेब एवढा सरळ मात्र नाही. पाण्याच्या तापमानानंही हे प्रमाण बदलतं. हिमयुगात हलकं पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकलं होतं, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली गेला होता, त्या काळची सगळ्या जगातली कवचं जड आहेत. याच धाग्यावरून चेझारे एमिलियानी यांनी 1955 मध्ये हिमयुगांची ये-जा ओळखली. 1976 मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी दाखवलं की त्या ये-जेचा ताल पृथ्वीच्या भ्रमणकक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या बदलांशी जुळतो. पण गेल्या सहा-सात हजार वर्षांत बर्फाचा साठा फारसा बदललेला नाही. म्हणून या काळात बंगालच्या उपसागरातलं कवच मुख्यतः नद्यांबद्दल बोलतं.

कॅमिलो पॉन्टन, लिव्ह्यू जिओसान आणि सहकाऱ्यांनी गोदावरीचा हा स्तंभ वाचून 2012 मध्ये निष्कर्ष मांडले. फोरॅमच्या जोडीला त्यांनी झाडांच्या पानांवरचं मेण तपासलं. तेही मातीबरोबर वाहत जातं आणि हजारो वर्षं टिकतं. मेण सांगतं की सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून मध्य भारतात कोरड्या हवेत तग धरणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या आणि 1,700 वर्षांपूर्वीनंतर त्यांचंच राज्य झालं. रुबरची कवचं सांगतात की गेल्या तीन हजार वर्षांत, विशेषतः शेवटच्या 1,700 वर्षांत, उपसागराचं पाणी अधूनमधून असं खारट झालं, जसं त्याआधीच्या हजारो वर्षांत कधी झालं नव्हतं.

आपण 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी काढतो. जुनी माणसं दुर्गादेवीच्या दुष्काळाचं नाव घेतात, चौदाव्या शतकाच्या अखेरीला सुरू झालेला तो. एका सेंटिमीटरमध्ये तेरा वर्षं मावणाऱ्या गाळात 1972 चं एकटं वर्ष दिसायचं नाही. तिथे उमटतात ते माणसाच्या आयुष्याहून लांबलेले कोरडे काळ. अशा काळाची खूण जमिनीवरही सापडते. प्रवरेकाठच्या दायमाबादला आणि घोडनदीकाठच्या इनामगावला ताम्रपाषाण युगातले शेतकरी राहत होते. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात इनामगाव खणलं. म. के. ढवळीकरांनी तिथल्या वस्तीच्या उतरत्या दिवसांचं कारण वाढत्या कोरड्या हवामानात शोधलं. जमिनीवरून केलेला तो तर्क, आणि शेकडो कोस दूर तळाशी पडलेली कवचं, दोन्ही कोरड्या काळाकडेच बोट दाखवतात. एका गावाच्या ओस पडण्याचा निवाडा कवचं देत नाहीत, पण हवा कोणत्या दिशेला चालली होती ते सांगतात.

याच स्तंभावरचा 2017 चा अभ्यास मला सर्वांत अस्वस्थ करतो. पाऊस कमी झाला तर माती कमी वाहील असं कुणालाही वाटेल. घडलं उलटं. मोसमी पाऊस क्षीण झाला तशी झाडोऱ्याची पाखर गेली, आणि जो पाऊस पडला त्यानं उघडी माती जास्त ओढून नेली. पुढे दख्खनवर नांगर फिरला, लोहयुगात शेती पसरली, तशी धूप आणखी वाढली. काळी माती बसायला हजारो वर्षं लागतात, जायला एक वळवाचा पाऊस पुरतो, हे बांध घालणाऱ्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. पण ही गळती तीन-चार हजार वर्षांपासून चालू आहे आणि कोरड्या काळात ती वाढते, हे समुद्राच्या तळाकडून कळलं.

पश्चिमेकडे अरबी समुद्रात दुसरी जात कामाला येते, ग्लोबिजेरिना बुलॉइडिस. ओमानच्या किनाऱ्यावरून नैऋत्य वारे जोरात वाहिले की खालचं थंड, सकस पाणी वर येतं आणि बुलॉइडिस बेसुमार वाढते. तिची कवचं मोजली की वाऱ्याचा जोर कळतो. अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये यावरून दाखवलं की उत्तर अटलांटिक थंडावला तेव्हा तेव्हा आपला मोसमी वारा ढिला पडला. गोव्याला दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही फोरॅमचा अभ्यास मुरलेला आहे. गुजरातमधल्या हडप्पाकालीन लोथलचा प्रसिद्ध हौद गोदी होता की पाणी साठवायचा तलाव, या वादात तिथल्या राजीव निगम यांनी हौदाच्या गाळातले समुद्री फोरॅम पुढे ठेवले. समुद्राचं पाणी आत आल्याशिवाय ते तिथे येतील कसे?

आता हा हिशेब लिहिणाऱ्या जिवाच्या हातालाच कंप सुटला आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड 280 वरून 420 पीपीएमच्या वर गेला. त्यातला बराच समुद्र पितो, पाणी आम्लाकडे झुकतं आणि चुन्याचं घर बांधणं अवघड होतं. 1872 ते 1876 मध्ये 'चॅलेंजर' जहाजानं गोळा केलेली कवचं लंडनच्या संग्रहालयात जपून ठेवली होती. पॅसिफिकमधल्या आजच्या कवचांशी त्यांची तुलना 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. आजची कवचं पातळ निघाली, एका जातीत तर भिंतीची जाडी 76 टक्क्यांपर्यंत घटलेली.

कुरुंद्याला पूर आला त्याच जुलैत, 16 तारखेला, तेलंगणातल्या भद्राचलमला गोदावरी 71 फुटांच्या वर गेली होती, 1986 नंतर पहिल्यांदाच. कुरुंद्याची बरीचशी माती वाटेत श्रीरामसागर धरणाच्या तळाशी बसली असेल. पाणी मात्र समुद्राला मिळालं. त्या पाण्यात वाढलेल्या रुबरच्या कवचात हलका ऑक्सिजन किंचित जास्त गेला असेल, आणि ती कवचं आता मुखासमोरच्या अंधारात, मिलिमीटरभरही जाडी नसलेल्या थरात पडली असतील.