‘आमचा वाडा इथेच होता!’

रविवारी सकाळी सात वाजता मी एरवी कुणासाठीही उठत नाही. पण इंटर्नशिप म्हणजे इंटर्नशिप. ‘पेठांमधला हेरिटेज वॉक कर आणि आठशे शब्द दे,’ असं सरांनी सांगितलं आणि मी डोळे चोळत शूज चढवले. तेवढ्यात आतून आजीचा आवाज आला, ‘कुठून कुठे जाणार?’ ‘शनिवारवाडा, कसबा, लक्ष्मी रोड.’ ‘म्हणजे आमच्या वाड्यावरनंच जाशील. आड आहे का अजून बघ.’

दिल्ली दरवाजासमोर आम्ही अठरा जण जमलो होतो. रात्रभर जागून थेट तिथेच आलेली इंजिनीअरिंगची दोन मुलं, कॅमेरा गळ्यात अडकवलेल्या एक काकू आणि नुकताच आर्किटेक्चर झालेला आमचा गाइड. पाच मिनिटांत तो सगळ्यांचा ‘दादा’ झाला.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. दोन्ही शनिवारच. दरवाजावरचे ते अणकुचीदार खिळे हत्तींनी धडक देऊ नये म्हणून. त्याच दारातली छोटी दिंडी बघून दादा म्हणाला, ‘मोठं दार रोज कोण उघडतंय? येणं-जाणं इथून, मान वाकवून.’ १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं आणि १८२८ च्या फेब्रुवारीत आतल्या लाकडी इमारतींना आग लागली. ती सात दिवस धुमसत होती म्हणतात. उरली ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. आपण सेल्फी काढतो तो शनिवारवाडा म्हणजे खरं तर वाड्याचं कुंपण आहे, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं!

तिथून रस्ता ओलांडून नाना वाडा. नाना फडणवीसांनी १७८० मध्ये बांधलेला. आतले सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब बघून घ्या, कारण एकदा ओळखू आले की पेठांमध्ये जिथेतिथे दिसायला लागतात. ‘एबीसीला कितीदा गेलायत?’ दादाने विचारलं. सगळेच हसले. सेकंडहँड पुस्तकं, गाइड, परीक्षेच्या आदल्या दिवशीची पळापळ. ‘मग अप्पा बळवंत कोण?’ सगळे गप्प. अप्पा बळवंत मेहेंदळे, पेशवाईतले सरदार. पेठांचंही तसंच. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणरावांच्या, रास्ता पेठ सरदार रास्त्यांच्या. आपण डिलिव्हरीचा पत्ता म्हणून जे टाइप करतो, त्यातली बरीच माणसांची नावं आहेत.

लाल महाल आणि कसबा गणपती करत आम्ही शिवाजी रोडने दगडूशेठपाशी आलो. सगळे हात जोडून पुढे निघाले, तेव्हा दादाने समोर बोट दाखवलं. भिडे वाड्याची जागा. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. मोडकळीला आलेला तो वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला. ‘वाडा तात्यासाहेब भिड्यांचा,’ दादा म्हणाला. ‘त्यांनी तो शाळेला दिला नसता, तर आज आपण इथे थांबलो असतो का?’

हा प्रश्न मग डोक्यातून जाईना. कारण पुढे तेच तेच दिसत गेलं. बेलबाग, तुळशीबाग (हो, कानातल्यांच्या दुकानांमागे अठराव्या शतकातलं राममंदिर आहे!) करून आम्ही विश्रामबाग वाड्यापाशी आलो. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ मध्ये पूर्ण केला. त्याला तिथे जेमतेम अकरा वर्षं मिळाली. पुढे १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरली, मग नगरपालिकेची कार्यालयं आली, खाली पोस्ट आलं. तसंच हुजूरपागेचं. हुजुरांची, म्हणजे पेशव्यांची घोड्यांची पागा असलेल्या जागी १८८४ मध्ये सुरू झालेली मुलींची शाळा आजही भरते. मालक गेले, पण ज्या जागा लोकांच्या कामाला आल्या त्या लोकांच्या लक्षात राहिल्या.

वॉक तिथे संपला. गाड्या शनिवारवाड्याला होत्या, म्हणून परतताना आम्ही केळकर रोडकडे वळलो. मी दादाला हळूच म्हटलं, ‘इथे आतल्या गल्लीत माझ्या आजीचा वाडा होता. म्हणजे त्यांचा नाही, भाड्याच्या दोन खोल्या.’ तो थांबला. ‘चला, बघून येऊ.’ अठरापैकी अकरा जण आले!

आजीने सांगितलेल्या खुणांवर गेलो. मारुतीचं देऊळ सापडलं. त्याच्या शेजारी सहा मजली बिल्डिंग. खाली सलून, एटीएम. नावाची पाटी मात्र ‘अमुक वाडा’ अशीच.

दादाने तिथे जे सांगितलं ते कुठल्याच माहितीफलकावर नव्हतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला धरणं फुटली आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. माती-लाकडाचे कितीतरी वाडे बसले. जे उरले, त्यात १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडं वाढेना, मालक दुरुस्ती करेना, भाडेकरू जागा सोडेना. वारसदार वाढत गेले. शेवटी बिल्डर आला आणि सगळेच सुटले. यात व्हिलन कोणी नाही. गळक्या छपराखाली, सामायिक संडासासमोर रांगेत उभं राहून वारसा जपा, असं कुणाला कसं सांगणार?

मी तिथूनच आजीला व्हिडिओ कॉल लावला. ‘आजी, आड नाहीये गं. पार्किंग आहे.’ ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, ‘देवळाकडे तोंड कर. आता डाव्या हाताला दिंडी. आत देवडी, मग चौक. चौकात आड. ओसरीवर आम्ही सागरगोटे खेळायचो. पाणी आलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आईने फक्त देव आणि शिवणाचं मशिन उचललं.’ कॅमेरावाल्या काकू पुढे आल्या, ‘आजी, किती बिऱ्हाडं होती हो?’ ‘अकरा,’ आजी म्हणाली आणि एकेकाचं आडनाव सांगत सुटली. अकरा जण फोनभोवती उभे राहून ऐकत होते. सकाळभरात इतकी शांतता शनिवारवाड्यासमोरही नव्हती.

मालकाचं आडनाव पाटीवर राहिलं. त्या अकरा बिऱ्हाडांची नावं फक्त आजीकडे आहेत. आता माझ्या फोनमध्येही आहेत, कारण घरी आल्यावर मी रेकॉर्डर ऑन करून बसले. तुमच्याही घरात ‘आमचा वाडा’ म्हणणारं कुणी असेल, तर हे आधी करा. वॉक पुढच्या रविवारीही आहे.

तुम्हालाही जायचंय?
• सातला सुरुवात करा. दुकानं उघडली की लक्ष्मी रोडवर थांबून वर बघणं अशक्य.
• शनिवारवाड्याच्या आत जायला तिकीट आहे.
• राहत्या वाड्यात विचारल्याशिवाय शिरू नका, फोटो तर नाहीच. ते कुणाचं तरी घर आहे.
• निघण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, ‘तुम्ही कुठे राहायचात?’ मॅपवर नसलेला स्टॉप तिथेच सापडेल.