मान दुखते आणि मन धास्तावते

दोन एकर फवारणी झाली, दिवसभर खुरपणी झाली किंवा वैरणीचे भारे वाहून झाले, की दुसऱ्या दिवशी मान धरते. पुष्कळ जण शेक घेऊन कामाला लागतात. पण काहींच्या मनात त्याच घटकेला शंका शिरते. ‘मणका सरकला असेल का? गाठ तर नसेल? उद्या हातपाय लुळे पडले तर घर कोणी चालवायचे?’ मग झोप उडते.

गावोगाव फिरताना अशी घरे पाहण्यात येतात. कर्ता पुरुष गळ्याला पट्टा लावून ओसरीवर बसलेला, पिशवीत तपासण्यांचे कागद, बियाण्याचे पैसे संपलेले आणि पंप बायकोच्या पाठीवर. डॉक्टरांनी ‘काळजीचे कारण नाही’ असे सांगितले की दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी पुन्हा शंका आणि नवा डॉक्टर. अशा माणसाला ‘सोंग करतो’ म्हणू नये. त्याचे दुखणे खरे असते आणि भीतीही खरी असते.

आपल्या डोक्याचे वजन साधारण ५ किलो. मानेतले ७ मणके आणि भोवतालचे स्नायू ते तोलून धरतात. वाकून काम, डोक्यावर ओझे, खांद्यावर भरलेला पंप, रात्री खाली मान घालून मोबाइल, या साऱ्याने स्नायू ताणले जातात. त्यात माणूस घाबरला की खांदे वर चढतात आणि स्नायू आणखी आवळतात. आवळले की दुखते, दुखले की भीती वाढते. दिवसातून पन्नास वेळा मान दाबून, वळवून पाहिल्याने ती जागा अधिकच हुळहुळी होते.

फोटोत ‘मणका झिजला’ असे लिहून आले तरी लगेच हातपाय गाळू नयेत. मान मुळीच न दुखणाऱ्या १२०० हून अधिक लोकांची एमआरआय तपासणी जपानमध्ये झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या मानेतल्या चकत्या फुगलेल्या आढळल्या! वयाबरोबर केस पिकतात, तशीच ही झीज असते.

कपाशीवर एक पतंग दिसला म्हणून आपण फवारा मारत नाही. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात रोज ८ पतंग, तेही सलग ३ दिवस आले, तरच औषध घ्या असे आम्ही सांगतो. मानेच्या बाबतीतही अशी पातळी ठरवून ठेवावी.

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा: पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, हातातली ताकद जाणे, वस्तू गळून पडणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, तापासह मान ताठणे, जखमेनंतर जबडा आवळणे, छातीत दुखून कळ मानेत किंवा हातात जाणे व घाम फुटणे. वजन उतरत असेल किंवा रात्री पडूनही दुखणे थांबत नसेल, तरी डॉक्टरांना लवकर दाखवावे.

यातले काही नसेल तर बहुतेक दुखणी काही आठवड्यांत ओसरतात. तोवर एवढे करावे:

१. अंथरूण धरू नये. हलके काम चालू ठेवावे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पट्टा लावू नये.

२. दिवसातून दोनदा १५ मिनिटे कोमट शेक घ्यावा. मग मान सावकाश डावी-उजवीकडे वळवावी, खांदे वर उचलून सैल सोडावेत. प्रत्येकी १० वेळा.

३. केस कापताना मान कडकड मोडून घेऊ नये. त्याने इजा होऊ शकते.

४. एका भाऱ्याचे दोन करावेत. पंपाचे पट्टे रुंद व सारख्या लांबीचे असावेत. उशी एकच, बेताची घ्यावी.

५. दुखण्याची पाहणी दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी करावी आणि वहीत एक ओळ लिहावी. एरवी शंका आली तर ‘संध्याकाळी पाहू’ म्हणून हातातले काम पुढे न्यावे. मोबाइलवर रोगांची नावे शोधू नयेत.

६. एकच डॉक्टर धरावा. पुन्हा केव्हा दाखवायचे ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.

घरच्या मंडळींनीही ‘तुला काही झाले नाही’ असे दहादा सांगत बसू नये. त्याने घटकाभर धीर येतो, मग तोच प्रश्न पुन्हा येतो. त्यापेक्षा ‘चल, बांधावर फेरी मारून येऊ’ म्हणावे. महिना उलटूनही धास्ती जात नसेल, झोप आणि काम बिघडले असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तसे स्पष्ट सांगावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते. मानेसाठी डॉक्टरकडे जाण्यात जशी लाज नाही, तशी मनासाठी जाण्यातही नाही.