होडी तिघांची, आम्ही चौघं!

वीकएण्डला गळ टाकायला स्वतःची होडी, ती ट्रेलरवर, ट्रेलर गाडीच्या मागं आणि आपण निवांत... कोल्हापुरात हे जमतं? जमतं बॉस! फक्त होडी बघायला जाण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा.

शनिवारची संध्याकाळ. रंकाळ्याचा कठडा, हातात भेळेचा पुडा. अप्रेझलचं रडगाणं गाऊन झालेलं. अशा वेळी आमचा बँकवाला एकदम म्हणाला, ‘‘होडी घेऊया का?’’

आम्ही चौघं. एक बँकेत, एक शिरोलीच्या फाउंड्रीत डिझाइनला, एक घरातूनच पुण्याच्या कंपनीचं कोडिंग करणारी आणि चौथी मी, शब्दामागं पैसे मोजणारी फ्रीलान्सर. चौघांना जोडणारा धागा एकच, गळ! दोन वर्षं आम्ही रविवारी पहाटे कुठल्या ना कुठल्या बंधाऱ्यावर जाऊन बसतो. अख्ख्या महाराष्ट्रात ज्याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात, तो आमच्याकडं पावलापावलावर आहे. काठावरून चिलापी मिळते, नशीब असलं तर मरळ. पण मोठा कटला उडी मारतो तो नेमका आपला गळ पोचत नाही तिथं. त्यामुळं ‘होडी’ हा शब्द ऐकल्यावर भेळ बाजूला राहिली.

त्या रात्री चौघांनी मिळून इतके व्हिडिओ पाहिले की विचारू नका. अमेरिकेतला कुणीतरी चकाचक बोट पिक-अपच्या मागं लावतो, उताराच्या सिमेंटच्या रॅम्पवर रिव्हर्स घेतो आणि दोन मिनिटांत पाण्यात! आम्हाला वाटलं, हे काय, आपणही करू. आपल्याकडं तो रॅम्प कुठं आहे, हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

समुद्राची होडी, तळ्याची होडी

पुढच्याच रविवारी राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करत मालवण गाठलं. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या रांगेनं उभ्या. बघून जीव हरखला! एका विक्रेत्यानं बारा फुटी होडीवर थाप मारून सांगितलं, ‘‘पाच जणां आरामात बसतली!’’ बँकवाल्यानं तिथंच मोबाईल काढून ईएमआयचा हिशोब सुरू केला.

फाउंड्रीवाल्यानं मात्र होडीखाली डोकं घातलं. समुद्रातल्या होडीचा तळ बहुतेक वेळा इंग्रजी ‘व्ही’सारखा असतो, लाट कापत जायला. तळ्यात, धरणाच्या फुगवट्यात लाट कमी. तिथं सपाट तळ बरा. उथळ पाण्यात चालतो आणि गळ फेकायला उभं राहिलं तरी होडी पटकन डुलत नाही. पण वारा सुटला की सपाट तळ पाण्यावर आपटत जातो आणि पाणी आत येतं. थोडक्यात काय, कुठल्या पाण्यात जायचंय हे ठरल्याशिवाय होडीवर हात ठेवू नका.

पर्याय तसे तीन. फायबर : टिकाऊ, डागडुजी सोपी, वजन मध्यम. ॲल्युमिनियम : हलकं, पण आपल्या भागात सहज मिळत नाही. आणि हवा भरायची रबरी होडी : डिकीत मावते, ट्रेलरची भानगडच नाही, पण बाभळीचा काटा आणि गळाचं टोक या दोघांशी तिचं कायमचं वैर! ज्यांच्याकडं पार्किंगच नाही अशा फ्लॅटवाल्यांनी तिचाच विचार करावा.

१५ चा फंडा

आता मुद्द्याची गोष्ट. होडीत किती माणसं? छोट्या होड्यांसाठी अमेरिकेत एक ढोबळ हिशोब वापरतात. फुटांत लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. आमच्या मनात भरलेली होडी १२ फूट लांब, साडेचार फूट रुंद. म्हणजे ५४ भागिले १५, उत्तर ३.६. आणि इथं शाळेतल्यासारखं वर ढकलायचं नाही, पॉइंटनंतरचं सोडून द्यायचं. तीन माणसं! तीही शांत पाण्यात आणि सरासरी वजनाची. त्यात मोटार, बॅटरी, बर्फाचा डबा आला की तेवढं वजन त्याच हिशोबात बसवायचं. होडीवर कंपनीनं क्षमता लिहिली असेल तर तीच अंतिम.

‘‘विक्रेता पाच म्हणाला, गणित तीन म्हणतंय. मधलं चार धरू!’’ बँकवाला हसत म्हणाला. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

आठच माणसं

ऑगस्ट २०१९. शिरोळ तालुक्यात नदीकाठी माझ्या मामाचं गाव. मी तेव्हा कॉलेजात होते, आजीला बरं नाही म्हणून गेले आणि अडकले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३ फूट. त्या आठवड्यात नदीनं दोन्ही आकडे कधीच मागं टाकले होते. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. आम्ही मामाच्या माडीवर आणि खाली अंगणात छातीएवढं पाणी. गल्लीतून पोरं गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून दूध पोचवत होती. हो, गूळ आटवायची तीच ती लोखंडी काहील! पुरात आमच्याकडं तीही होडी होते.

तिसऱ्या दिवशी खरी होडी आली. माडीवर आम्ही चौदा जण. होडीवाला माझ्याच वयाचा असेल. तो म्हणाला, ‘‘आठच माणसं. नववं मांजर बी घ्यायचं न्हाई.’’ लोक चिडले, रडले, एकानं तर शिव्या घातल्या. तो हलला नाही. शेवटी आजीच म्हणाली, ‘‘पोरीस्नी आणि लेकरांस्नी न्या रं. मी हाय हितंच.’’ मामा तिच्याजवळ थांबला. मी बसले. आजीकडं वळून बघायची हिंमत झाली नाही.

दुसरी खेप यायला अंधार पडला. आजी आली, भिजलेली, पण धडधाकट.

त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली होडी उलटली. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. डझनाहून अधिक जीव गेले. ती बातमी वाचताना मला सारखा तो शिव्या खाणारा पोरगा दिसत होता.

ही गोष्ट मी त्या दिवशी मालवणच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा मित्रांना सांगितली. बँकवाल्यानं मोबाईल खिशात टाकला. म्हणाला, ‘‘तीन म्हणजे तीन.’’

मग मोठी का नको?

प्रश्न रास्त आहे. १४ फूट लांब, पाच फूट रुंद घेतली तर ७० भागिले १५, चौघं बसतात. पण इथं दुसरा प्रश्न येतो. होडी पाण्यापर्यंत जाणार कशी?

आम्ही दोन रविवार फक्त काठ बघत फिरलो. राधानगरीचा जलाशय सुंदर, पण तो अभयारण्यात आहे. १९५८ साली घोषित झालेलं हे गव्यांचं जंगल, तिथं आपली होडी घेऊन जायचा विचार सोडा. काळम्मावाडीचं पाणी २०२३ पासून थेट पाईपलाईननं कोल्हापूरच्या नळाला येतं. आपण जे पितो, त्यात पेट्रोलचा तवंग सोडायचा? शेवटी भुदरगडातल्या एका तलावावर जमलं. धरण-तलावांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थांकडं ठेक्यानं असते. तिथल्या संस्थेच्या काकांनी आधी आमचे बूट बघितले, मग चेहरे, मग म्हणाले, ‘‘गळानं धरा, जाळं टाकायचं न्हाई, आणि आमच्या जाळ्यात होडी घालायची न्हाई.’’ पाटबंधारेवाल्यांनाही विचारलं. दोन्हीकडून होकार मिळवूनच पुढं गेलो.

तिथं रॅम्प नाही. एप्रिलमध्ये पाणी मागं सरकतं आणि रस्ता ते पाणी यामध्ये शे-दीडशे पावलांचा चिखल उरतो. त्यात ट्रेलर घातला की तो तिथंच मुक्कामाला! म्हणजे शेवटचा टप्पा होडी चौघांनी उचलूनच न्यायची. बारा फुटी, ११० किलोची होडी चौघांनी कशीबशी उचलते. चौदा फुटी जागची हलत नाही. हिशोब असा की होडीत तिघं, पण ती उचलायला चौघं!

आता ट्रेलर

ट्रेलर म्हटलं की कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही. ऊसाच्या ट्रॉल्या बघतच आपण मोठे झालो. उद्यमनगरात फॅब्रिकेटरची वानवा नाही. पण होडीचा ट्रेलर म्हणजे छोटी ट्रॉली नव्हे.

पहिलं, वजन. आमची होडी ११०, मोटार-बॅटरी ४०, सामान ३०, खुद्द ट्रेलर १२०. एकूण ३०० किलो. ट्रेलरची क्षमता याहून चांगली मोकळी हवी, काठोकाठ नको. दुसरं, तोल. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग पुढच्या दांडीवर यायला हवा. वजन मागं गेलं की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो आणि गाडीलाही ओढतो. तिसरं, चाकांची बेअरिंग. पन्नास किलोमीटर धावून तापलेलं चाक लगेच पाण्यात घातलं तर थंड होताना ते पाणी आत ओढून घेतं. आधी चहा घ्या, चाक गार होऊ द्या. ग्रीसची आठवण ठेवा.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओढणार कोण? गाडीचं मॅन्युअल उघडा. काही छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नका असं सरळ छापलेलं असतं. बँकवाल्याची लाडकी हॅचबॅक इथंच बाद झाली. फाउंड्रीवाल्याच्या काकांची जुनी जीप कामी आली.

आणि रिव्हर्स! पहिल्या दिवशी मी ट्रेलर थेट बांधावर चढवला. बघत उभ्या असलेल्या एका ट्रॅक्टरवाल्या मामांना राहवेना. ते साखर कारखान्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावून जाणारे. म्हणाले, ‘‘ताई, हात स्टेअरिंगच्या खाली धरा. ट्रॉली जिकडं न्यायची तिकडं हात न्या. आणि लहान ट्रॉली लवकर वाकती, गडबड करू नका.’’ अर्ध्या तासात जमलं. फी विचारली तर म्हणाले, ‘‘मासा घावला की सांगा!’’

कागदपत्रं, बोअर पण मस्ट

ट्रेलरला गाडीसारखीच आरटीओची नोंदणी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तसं स्पष्ट आहे. ‘‘कोण विचारतंय हो’’ असं म्हणणारा फॅब्रिकेटर भेटला तर दुसरा शोधा. विमा कंपनीलाही ट्रेलरबद्दल लेखी कळवा. होडीला मोटार लावणार असाल तर २०२१ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आहे. नोंदणीसाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडं आधी चौकशी करा, मोटार नंतर घ्या. आम्ही बॅटरीवरची छोटी मोटार घेतली, आणि बॅटरीनं दगा दिला तर वल्ही आहेतच.

निघण्याआधी

– लाइफ जॅकेट माणशी एक, अंगात घातलेलं. होडीत ठेवलेलं जॅकेट बुडत नाही, माणूस बुडतो.
– होडी ट्रेलरला पुढूनही बांधा, मागूनही.
– हिच लावल्यावर सेफ्टी चेन आणि मागचे दिवे तपासा.
– गळ फेकायला एका वेळी एकच जण उभा.
– ढग आले की परत. कटला कुठं जात नाही.

आता आमचा रविवार असा असतो. तिघं पाण्यात, चौथा काठावर, पाळीपाळीनं. काठावरच्याकडं चुलीचा चहा, फोन आणि परत यायची ठरलेली वेळ. वेळ टळली तर संस्थेच्या काकांना हाक मारायची. सुरुवातीला वाटलं होतं, काठावरचा दिवस फुकट जाणार. आता आयटीवाली मुद्दाम तीच पाळी मागून घेते, तिथं रेंज येत नाही म्हणून!

जून लागला की होडी ट्रेलरसकट मामाच्या गावी जाते. पाणी चढायच्या आत, रस्ते चालू असतानाच. ट्रेलरच्या चाकांत हवा, दोन्ही वल्ही, जॅकेटं, सगळं तयार. तलाठ्यांकडं आमचे चौघांचे नंबर दिलेत.

पहिल्यांदा होडी अंगणात लावली तेव्हा आजी काठी टेकत बाहेर आली. तिनं भोवती एक फेरी मारली, आत वाकून बघितलं.

‘‘किती माणसं बसत्यात?’’

‘‘तीन, आजी.’’

‘‘मग लिव्हून ठेव की त्याच्यावर. मोठ्या अक्षरात.’’

फाउंड्रीवाल्यानं त्याच दिवशी लाल ऑइलपेंट आणला. आमच्या होडीला अजून नाव नाही. पण दोन्ही बाजूंना, लांबून दिसेल असा, एक आकडा आहे. ३.