संकटांत माणसाला उभें कोण ठेवतें?

संकट आलें असतां एक माणूस खचतो व दुसरा तगतो, याचें कारण काय, हा प्रश्न जुनाच आहे. आपल्या घराघरांतून त्याचें उत्तरहि ठरलेलें असतें : ज्याचें मन घट्ट तो तरतो, ज्याचें मन हळवें तो बुडतो. हें उत्तर मोठें सोयीचें आहे. कारण तें एकदां दिलें म्हणजे बुडालेल्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविण्याचें प्रयोजन उरत नाहीं. परंतु गेल्या पन्नास-साठ वर्षांत समाजशास्त्रज्ञांनीं व मानसशास्त्रज्ञांनीं या प्रश्नाचा जो कसून शोध घेतला आहे, त्यावरून हें उत्तर फार तर अर्धें खरें आहे असें दिसतें. राहिलेलें अर्धें उत्तर समजून घेण्यास मराठवाड्यांतील हिंगोली जिल्ह्याकडे पाहणें पुरेसें आहे.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणींतून वेगळा निघाला. हिंगोली, सेनगांव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पांच तालुके. औंढ्याचें ज्योतिर्लिंग, नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें मानलेलें नर्सी आणि वसमतची हळद या तीन गोष्टींनीं तो बाहेरच्यांस ठाऊक आहे. शेती बव्हंशीं पावसाच्या भरंवशावर. नोव्हेंबर २०२३ मध्यें याच जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील कांहीं शेतकऱ्यांनीं सरकारास पत्र लिहिलें कीं, कर्ज फिटत नाहीं, तेव्हां आमचे अवयव विकत घ्यावे. आणि प्रत्येक अवयवाची किंमतहि त्यांत मांडून दिली. वर्तमानपत्रांत ही बातमी वाचून अनेकांस अंगावर कांटा आला, कित्येकांस तो नुसता देखावा वाटला. पण एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्याची सर्वच आशा सुटली तो पत्र लिहीत बसत नाहीं. तें पत्र म्हणजे तुटत आलेल्या विश्वासाचा शेवटचा धागा होता.

आतां संशोधन काय सांगतें तें पाहूं. हवाई बेटांपैकीं कौआई नांवाच्या बेटावर १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं पुढें अनेक दशकें मागोवा घेतला. दारिद्र्य, घरांतील कलह, आईबापांचें आजारपण यांत वाढलेल्या मुलांपैकीं सुमारें एक तृतीयांश मुलें मोठेपणीं चांगल्या रीतीनें मार्गीं लागलीं. त्यांच्या स्वभावाचा यांत कांहीं भाग होताच. परंतु त्यांच्यापैकीं बहुतेकांच्या आयुष्यांत भरंवशाचें असें एक तरी माणूस होतें. कोणाची आजी, कोणाचा शिक्षक, कोणाचा शेजारी. वेताची काठी वांकून पुन्हां सरळ होते ती तिच्या गुणानें खरी. पण वेताला मुळें धरण्यास जमीनहि लागते.

दुसरें संशोधन आपल्याच देशांतलें आहे. तामिळनाडूंतील ४६४ ऊंस-शेतकऱ्यांची बुद्धिपरीक्षा दोन वेळां घेण्यांत आली : एकदां कापणीपूर्वीं, हातीं पैसा नसतांना, व एकदां कापणीनंतर. २०१३ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, तोच माणूस, तेंच डोकें. परंतु ओढगस्तीच्या दिवसांत त्याची विचारशक्ति मंद चालते व पैसा आल्यावर पुन्हां सुधारते. म्हणजे ज्याला आपण ‘त्याला अक्कलच नाहीं’ म्हणून मोकळे होतों, त्याची अक्कल काळजीनें अडवून ठेविलेली असते. अशा वेळीं त्याला चार कचेऱ्यांचे हेलपाटे घालावयास लावणें म्हणजे तापकऱ्याच्या डोक्यावर ओझें देण्यासारखेंच होय.

मग मनुष्याचा संस्थेवर विश्वास बसतो तो कशानें? आपणांस वाटतें, मागितलेलें मिळालें म्हणजे बसतो. टॉम टायलर या अमेरिकन पंडितानें शिकागो शहरांतील नागरिकांची पाहणी करून १९९० सालीं जें पुस्तक लिहिलें, त्यांत निराळेंच आढळलें. निकाल आपल्या बाजूनें लागला कीं विरुद्ध, यापेक्षां तो देतांना आपलें ऐकून घेतलें कीं नाहीं, सर्वांस एकच नियम लावला कीं नाहीं व आपणांशीं मानानें वागले कीं नाहीं, यावर लोकांचा विश्वास अधिक अवलंबून असतो.

हें तत्त्व हिंगोलीच्या शेतांत आणून पाहावें. एखाद्या महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला म्हणजे सरकारच्या लेखीं अतिवृष्टि झाली. परंतु पर्जन्यमापक एका ठिकाणीं असतो आणि मंडळांत गांवें अनेक असतात. ढग एका शिवारावर फुटतो व दोन कोसांवरचें मापक कोरडें राहतें. नियम लिहिणाऱ्यानें लबाडी केलेली नसते, तलाठ्यानेंहि नसते; तरी सोयाबीन पाण्यांत कुजलेल्या शेतकऱ्यास ‘तुमच्याकडे अतिवृष्टि झालीच नाहीं’ हें उत्तर ऐकावें लागतें. त्याला नुकसान सोसतें, कारण पावसाचा लहरीपणा त्याच्या बापजाद्यांनीं पाहिलेला आहे. पण डोळ्यांदेखत घडलेलें नाकारलें जावें, हें त्याला सोसत नाहीं. मन मोडतें तें येथें.

या अविश्वासाला इतिहासाचीहि पुरवणी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. प्रजा मराठी बोले, सरकारदरबारची भाषा उर्दू; आपल्या जमिनीच्या कागदावर काय लिहिलें आहे हें सामान्य कुणब्यास दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागे. कागद म्हणजे आपणांस न कळणारी व आपल्याविरुद्ध जाऊं शकणारी वस्तु, ही समजूत अशा अनुभवांतून बनत असते. असे संस्कार पिढ्यान्‌पिढ्या टिकतात काय? नन व वांटशेकॉन या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं २०११ सालीं दाखविलें कीं, आफ्रिकेंतील ज्या जमातींवर शेंकडों वर्षांपूर्वीं गुलामांच्या व्यापाराची कुऱ्हाड अधिक पडली, त्यांचे वंशज आजहि शेजाऱ्यावर व स्थानिक सत्तेवर कमी विश्वास ठेवतात. कागदाशीं शेतकऱ्याचा जो बिचकता व्यवहार, त्याला केवळ अडाणीपणा म्हणणें म्हणूनच धाडसाचें होईल.

परंतु विश्वास तुटतो तसा तो जोडतांहि येतो, आणि याचेंहि उदाहरण याच जिल्ह्यांत आहे. २१ मार्च २०२४ रोजीं पहाटे व पुन्हां १० जुलै २०२४ रोजीं सकाळीं येथें भूकंपाचे धक्के बसले. दोहोंची तीव्रता ४.५ होती. वसमत तालुक्यांतील पांगरा शिंदे व आसपासच्या गांवीं तर जमिनींतून गूढ आवाज येत असल्याची तक्रार त्यापूर्वीं कित्येक वर्षांची. मराठवाड्यांत जमीन हालली कीं प्रत्येकाच्या मनांत ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची रात्र उभी राहते. अशा वेळीं ‘घाबरूं नका’ हा उपदेश निरुपयोगी ठरतो. प्रशासनानें त्या वेळीं लोकांस एक साधी सूचना केली : घरावरचे पत्रे वाऱ्यानें उडूं नयेत म्हणून जे दगड ठेवलेले असतात ते काढून घ्यावे. सूचना किती लहान! पण ती खरी होती, समजण्यासारखी होती, आणि ज्यानें त्यानें आपल्या हातानें करण्याजोगी होती. भयानें ग्रासलेल्या मनाला हाताशीं कांहीं काम मिळालें कीं भय आटोक्यांत येतें, आणि काम सांगणाऱ्यावर विश्वासहि बसतो.

शेजारच्या विदर्भांत याच दिशेनें एक पद्धतशीर प्रयोग झाला. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत ‘विश्राम’ या नांवानें मानसिक आरोग्याचें काम चालविलें गेलें. गांवांतल्याच माणसांस शिकवून तयार केलें. त्यांनीं घरोघर जाऊन खिन्नतेची लक्षणें ओळखलीं, धीर दिला, जरूर तेथें डॉक्टरापर्यंत पोंचविलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें, आरंभीं खिन्नतेच्या विकारानें पिडलेल्यांपैकीं अवघे ४.३ टक्के लोक कोणाकडे उपचारास जात. अठरा महिन्यांनीं हें प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलें. परका डॉक्टर जें करूं शकला नसता तें ओळखीच्या माणसानें केलें, कारण दार ओळखीचें होतें. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं मराठवाडा व विदर्भांतील १४ जिल्ह्यांसाठीं जो ‘प्रेरणा’ प्रकल्प काढला, त्यांत हिंगोलीहि आहे. गांवच्या आशा कार्यकर्तीवर त्याची मुख्य भिस्त. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो. घरांतल्या वडील मंडळींनीं हा क्रमांक दूरध्वनीच्या वहींत लिहून ठेवावा.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हें सर्व सरकारचें काम. आम्हां पांढरपेशा कुटुंबांचा यांत काय संबंध? संबंध दोन आहेत.

पहिला असा कीं, एकत्र कुटुंब हीच मुळांत माणसाची पहिली संस्था. टायलरनें सांगितलेल्या कसोट्या आपल्या माजघरांत लावून पाहाव्या. कर्ता पुरुष निर्णय घेतांना धाकट्यांचें ऐकून घेतो काय? लेकीला व सुनेला एकच नियम असतो काय? मुलाची नोकरी गेली, व्यापारांत खोट आली, परीक्षेंत अपयश आलें, तर तें वडिलांस प्रथम सांगावें असें त्याला वाटतें, कीं सर्वांत शेवटीं? ज्या घरांत वाईट बातमी उघड सांगतां येते, त्या घरांतील माणसें संकटांत सहसा मोडत नाहींत. जेथें अब्रूच्या भयानें ती दडविली जाते, तेथें बाहेरून घर अभंग दिसतें आणि आंत एखादें माणूस एकटें झिजत असतें.

दुसरा संबंध जमिनीचा आहे. आपल्यांपैकीं कित्येकांची वडिलार्जित शेती मराठवाड्यांत अजून बटईनें दिलेली असते, आणि मालक पुण्यास किंवा मुंबईस राहतो. आपत्ति आली म्हणजे सातबारा ज्याच्या नांवावर, भरपाई त्याच्या खात्यांत जमा होते. घाम व बियाणें ज्याचें बुडालें, त्याचें नांव कागदावर नसतें. तो रक्कम मागण्यास संकोचतो. मालकाला तिकडची खबरहि नसते. ती रक्कम बुडालेल्या वाट्याप्रमाणें त्याला आपण होऊन पोंचती करावी, पेरणीपूर्वींच याचा लेखी ठराव करावा, आणि तो कागद त्याला त्याच्या भाषेंत वाचून दाखवावा. कागद आपल्या बाजूनेंहि बोलूं शकतो, हा अनुभव त्याला एकदां तरी यावयास हवा. आणि तो देणें सरकारच्या नव्हे, आपल्या हातचें आहे.