हरलो की कोच, जिंकलो की आपण!

संध्याकाळी पार्क चौकात चहाला थांबा. इंडियाच्या टीमवर मत नसलेला सोलापूरकर तुम्हाला सापडणार नाही. आदल्या दिवशी मॅच हरलेली असेल, तर एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘काढा बे त्या कोचला!’ आणि जिंकलेली असेल तर? मग ती बुमराने जिंकलेली असते, स्मृतीने जिंकलेली असते. कोचचं नाव निघालंच तर चहाचे पैसे देताना.

मला हा प्रश्न बरेच दिवस छळतोय. देशाच्या टीमच्या निकालाला कोच नक्की किती जबाबदार? पन्नास टक्के? दहा? हे मोजायचं मशीन अजून कुणी काढलेलं नाही. पण एक साधी युक्ती आहे. माणूस तोच आणि निकाल मात्र वेगळे, अशी उदाहरणं शेजारी शेजारी ठेवायची. सुरुवात आपल्या गावापासूनच करू.

सोलापूरचा मॅनेजर

पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, १९२६चा. टेस्टमध्ये भारताकडून पहिली डबल सेंच्युरी त्यांची, १९५५मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. हे क्विझवाल्यांना पाठ असतं. पण १९७६च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर ते टीमचे मॅनेजर होते, हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. त्या काळी आजच्यासारखा कोच, त्याचा लॅपटॉप, त्याचे सहा असिस्टंट असला प्रकारच नव्हता. मॅनेजर म्हणजे टीमसोबतचा मोठा, जबाबदार माणूस.

एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला भारतासमोर ४०३चं टार्गेट होतं. गावसकर १०२, विश्वनाथ ११२, मोहिंदर अमरनाथ ८५, आणि भारत ४ बाद ४०६! तेव्हाचा विश्वविक्रम, पुढे २००३पर्यंत टिकलेला. दोन आठवड्यांनी किंग्स्टनची टेस्ट. स्पिनर्सवरचा विश्वास उडालेल्या क्लाइव्ह लॉइडने फास्ट बोलर्सची फौज उतरवली. अंशुमन गायकवाडच्या कानावर बॉल बसला, विश्वनाथचं बोट मोडलं, आणि भारताची दुसरी इनिंग ९७ धावांवर संपली. पडल्या होत्या पाचच विकेट्स. पुढे बॅटिंगला येण्याच्या अवस्थेत कुणी उरलं नव्हतं!

आता सांगा, उम्रीगर पंधरा दिवसांत हुशारचे मठ्ठ झाले का? माणूस तोच, टीमही जवळपास तीच. बदललं होतं पिच आणि समोरच्याचा इरादा.

एकाच ग्राउंडवर पुन्हा

एकतीस वर्षांनी, मार्च २००७मध्ये त्याच पोर्ट ऑफ स्पेनला भारत आधी बांगलादेशकडून आणि मग श्रीलंकेकडून हरला. वर्ल्ड कपमधून पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला. देशभर संताप, आणि सगळ्यात मोठा व्हिलन कोण? ग्रेग चॅपेल. पण याच चॅपेलच्या काळात भारताने वन-डेत ओळीने सतरा वेळा चेस करून मॅच जिंकायचा विक्रम केला होता. १९७१नंतर पहिल्यांदा वेस्ट इंडिजमध्ये टेस्ट सीरिजही जिंकली होती, २००६मध्ये. ते श्रेय कोणी चौकात काढल्याचं मला तरी आठवत नाही.

मग चॅपेल बिचारा निर्दोष? तसंही नाही. बांगलादेशविरुद्ध बॅटिंग कोसळली, ती खेळाडूंची. पण गांगुलीशी झालेला जाहीर वाद, सीनियर्समध्ये पसरलेली असुरक्षितता, पुढे सचिनने २०१४च्या आत्मचरित्रात केलेली कडक टीका, हे खातं कोचचंच. ड्रेसिंग रूममधली हवा कशी आहे, याचं उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

आणि गंमत बघा. त्याच सप्टेंबरमध्ये सचिन, गांगुली, द्रविड घरी, पूर्ण वेळ हेड कोच नाही, मॅनेजर म्हणून मुंबईचे लालचंद राजपूत, अशा टीमने जोहान्सबर्गला पहिला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला. फायनल फक्त पाच धावांनी! मिसबाहचा तो शॉट श्रीशांतच्या डोक्यावरून गेला असता, तर राजपूत यांचं नाव आपण वेगळ्या सुरात घेतलं असतं.

संदीप पाटील आणि केनिया

अजित वाडेकरांनंतर १९९६मध्ये संदीप पाटील भारताचे कोच झाले. इंग्लंडमध्ये सीरिज गेली आणि काही महिन्यांतच पाटीलही गेले. मग तेच पाटील केनियाला पोचले आणि २००३च्या वर्ल्ड कपमध्ये केनिया चक्क सेमी फायनलला! अर्थात, सुरक्षेच्या कारणावरून न्यूझीलंड नैरोबीला खेळायला गेलंच नाही, ते पॉइंट्स केनियाला फुकट मिळाले. पण श्रीलंकेला केनियाने मैदानातच हरवलं होतं. थोडं नशीब, थोडी मेहनत. वेगळं करून दाखवा बघू!

कोचचं ऐकलं नाही म्हणून

क्रिकेटचं पुरे, जरा रग्बीकडे वळू. २०१५च्या वर्ल्ड कपमध्ये ब्रायटनला जपानची गाठ दोन वेळच्या जगज्जेत्या दक्षिण आफ्रिकेशी. शेवटच्या क्षणी जपान तीन पॉइंट्सनी मागे आणि पेनल्टी मिळालेली. किक मारली की बरोबरी. स्टँडमध्ये बसलेले कोच एडी जोन्स यांना तेच हवं होतं. कॅप्टन मायकेल लीचने ऐकलं नाही, विजयासाठी खेळला आणि जपान ३४-३२ने जिंकलं. तो निर्णय कोचचा नव्हता. पण आफ्रिकेसमोर असा निर्णय घ्यायची हिंमत आणि शेवटपर्यंत पळायचा दम टीममध्ये कुणी भरला? जोन्स यांनीच. तेच जोन्स २०२३मध्ये ऑस्ट्रेलियाचे कोच होते आणि ऑस्ट्रेलिया इतिहासात पहिल्यांदाच वर्ल्ड कपच्या ग्रुपमध्येच गारद झालं.

द्रविडचा हिशेब

राहुल द्रविडची केस तर ताजीच आहे. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद. ओळीने दहा मॅच जिंकून आलेली टीम फायनल हरली. जेमतेम सात महिन्यांनी, २९ जून २०२४ला बार्बाडोसमध्ये दक्षिण आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० धावा हव्या होत्या आणि सहा विकेट्स शिल्लक होत्या. तिथून भारत सात धावांनी जिंकला. शेवटच्या ओव्हरच्या पहिल्याच बॉलवर सूर्यकुमारने बाउंड्रीवर तो कॅच घेतला नसता तर? द्रविड ‘दोन वर्ल्ड कप फायनल हरलेला कोच’ म्हणून घरी गेला असता.

द्रविडने स्वतःचा वाटा कसा मोजला, तेही बघा. २०१८मध्ये अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कप जिंकल्यावर बोर्डाने त्याला ५० लाख आणि सपोर्ट स्टाफला प्रत्येकी २० लाख जाहीर केले. त्याने हा फरक मान्य केला नाही. शेवटी सगळ्यांना २५-२५ लाख मिळाले. कोचच्या श्रेयातही किती जण वाटेकरी असतात, हे त्याला पक्कं माहीत होतं.

जेमिमाचा तिसरा नंबर

आता सगळ्यात गोड उदाहरण. अमोल मुजुमदार. फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर धावा, पण इंडिया कॅप कधीच नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये ते महिला टीमचे कोच झाले. वर्षभरात टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमधून टीम ग्रुपमध्येच बाहेर. २०२५च्या वन-डे वर्ल्ड कपमध्ये ओळीने तीन पराभव, तिसरा इंदूरला इंग्लंडकडून, अवघ्या चार धावांनी. तेव्हा मत घेतलं असतं, तर चौकाने एकमताने ‘काढा’च म्हटलं असतं.

त्या इंग्लंडच्या मॅचला जेमिमा रॉड्रिग्जला बसवलं होतं. पुढच्या मॅचला ती परत आली आणि थेट तिसऱ्या नंबरवर. सेमी फायनलला ऑस्ट्रेलियाच्या ३३८चा पाठलाग करतानाही तिलाच तिसरी पाठवलं. नाबाद १२७! दोन नोव्हेंबरला नवी मुंबईत वर्ल्ड कप आपला. निर्णय टीम मॅनेजमेंटचा, धावा जेमिमाच्या. आणि त्या इनिंगमध्ये तिचे सोपे कॅच सुटले, ते नशिबाचं. शफाली वर्मा तर मूळ टीममध्येही नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून आली आणि फायनलमध्ये ८७ धावा अन् दोन विकेट्स घेऊन गेली.

मग जबाबदारी किती?

माझं उत्तर असं. कोच एका मॅचच्या निकालाचा मालक नसतो, पण दोन वर्षांच्या दिशेचा असतो. म्हणून ‘काढा’ म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. टीम निवडायचा अधिकार त्याच्याकडे होता का? (आपल्याकडे निवड समिती वेगळी असते, बरं का!) त्याच्या हातातले निर्णय त्याने वेळेवर घेतले का आणि चुकलेले बदलले का? आणि त्याच्या काळात खेळाडू आधीपेक्षा बरे झाले का? तिन्ही उत्तरं वाईट असतील, तर खुशाल काढा. नुसता स्कोअर बघून नको.

हे फक्त क्रिकेटपुरतं वाटत असेल, तर स्वतःचं अप्रेझल आठवा. माझी एक सोलापूरची मैत्रीण पुण्यात टीम लीड आहे. माणसं तिने निवडलेली नव्हती, डेडलाइन तिने ठरवलेली नव्हती. क्लायंटने स्वतःच्या अडचणीमुळे प्रोजेक्ट गुंडाळलं आणि वर्षाच्या शेवटी रेटिंग मात्र तिचं घसरलं. तिच्या हाताखालच्या दोन फ्रेशर्सनी त्याच वर्षात स्वतंत्रपणे मॉड्यूल सांभाळायला सुरुवात केली, त्याला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. तिने नोकरी बदलली. ते दोघंही सहा महिन्यांत तिच्यामागे नव्या कंपनीत गेले.

तुमच्यापैकी अनेक जण उद्या-परवा कुणाचे तरी टीम लीड होणार आहात, कुणाचं तरी रेटिंग भरणार आहात. फॉर्म समोर आला की आधी वर्षभराचं काम आठवा, शेवटच्या ओव्हरचं नंतर बघू.