पीठ आंबले, घर जमले

पाव म्हटला की बेकरीच आठवते. पण बाजारचे यीस्ट न घालता, पीठ, पाणी आणि मीठ एवढ्यावरच आंबवलेला पाव घरीही होतो. त्याला सावरडो म्हणतात. गोव्यातले पोदेर पूर्वी माडाची सूर घालून पीठ आंबवत, त्याच जातकुळीतले हे काम. मुलांच्या सुट्टीत आम्ही सर्वांनी मिळून ते केले. तो अनुभव वाचक भगिनींना, आणि बंधूंनाही, सांगावासा वाटतो.

काचेच्या बरणीत २० ग्रॅम कणीक आणि २० ग्रॅम पाणी कालवून झाकण सैल ठेवले. रोज त्यातले निम्मे काढून तेवढीच ताजी कणीक व पाणी घातले. दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले, मुले नाचली. चौथ्या दिवशी मात्र सारे थंड, वासही उग्र. "मेलं हे, टाकून द्या," थोरला म्हणाला. आजी म्हणाल्या, "थांब रे, विरजणालासुद्धा रात्र लागते!"

आजींचे ऐकले ते बरे झाले. सुरुवातीला भलतेच जीवाणू वाढतात. पीठ आंबट झाले की ते मागे पडतात, मग यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू जोर धरतात. लॅक्टिक आम्ल तयार होणे हे सूक्ष्मजीवांचे काम आहे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ साली मांडले. आठव्या दिवशी आमचे आंबवण पाच तासांत दुप्पट फुगले. पहिल्या दिवसांत काढलेले कुंडीत टाकले. पुढच्याची धिरडी झाली.

मग १५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम कणीक, ६० ग्रॅम आंबवण, १९० ग्रॅम पाणी, ६ ग्रॅम मीठ. मळणे मुलांच्या बाबांकडे. जाड पातेल्यात स्टँड ठेवून, ते आधी तापवून, झाकण लावून पाऊण तास भाजला, शेवटी उलटला.

पहिला पाव विटेसारखा निघाला. घाई नडली, पीठ फुगण्याआधीच भाजले होते. आजींनी तो चहात बुडवून खाल्ला, तक्रार केली नाही. पुढच्या रविवारी मात्र थांबलो. पाव हलका झाला, सालपट कुरकुरीत, आत मऊ.

पाळीच्या कामामुळे आमच्याकडे सगळे एका वेळी जेवायला क्वचितच बसतात. त्या दिवशी बसलो. भगिनींनो, पीठ मळण्याची पाळी घरातल्या पुरुषांना जरूर द्या. पाव बिघडला तरी चालेल, सवय लागेल.