बाटलीची मागची बाजू

भांडी घासायचं लिक्विड बनवायला बचत गटात शिकवतात, तेव्हा बायकांना खरं नवल वाटतं ते शेवटच्या टप्प्यावर. पिंपात ॲसिड स्लरी कॉस्टिकने मारून झालेली असते, एसएलईएस विरघळलेलं असतं, हिरवा-पिवळा रंग आणि लिंबाचा सेंट पडलेला असतो. भांडी साफ करणारं जे काही आहे ते सगळं आत गेलेलं असतं, पण मिश्रण पाण्याइतकं पातळ. हे कोण विकत घेणार? मग शिकवणाऱ्या ताई जेवणातलं मीठ पाण्यात विरघळवून थोडं थोडं ओततात, कुणालातरी दांडा फिरवायला सांगतात, आणि बघता बघता दांडा जड होतो. मधासारखी धार पडू लागते. उत्साहाच्या भरात मीठ जास्त पडलं, तर तेच मिश्रण पुन्हा पातळ होतं आणि निस्तरताना नाकी नऊ येतात.

मिठाने लिक्विडची साफ करण्याची ताकद कणभरही वाढलेली नसते. एका टोकाने तेलाला आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला धरणारे रेणू, म्हणजे सर्फॅक्टंट, पाण्यात पुंजके करून असतात. मिठामुळे ते पुंजके लांबट होऊन एकमेकांत गुंततात आणि द्रव घट्ट होतो, एवढंच. पण दुकानात बाटली तिरकी करून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला जाड म्हणजे कसदार आणि पातळ म्हणजे पाणी घातलेलं, असंच वाटतं. बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, मोठ्या कंपन्यांनाही आणि बचत गटालाही. संडासच्या क्लीनरचा जाडपणा मात्र कामाचा आहे: तो भांड्याच्या उतारावर चिकटून राहतो, लगेच वाहून जात नाही.

फेसाचंही तेच. "ताई, ह्याला फेसच येत नाही," ही धुणंभांडी करणाऱ्या मावशींची तक्रार कुठल्याही नव्या साबणाला पहिल्या दिवशीच ऐकावी लागते. मळ निघतो तो सर्फॅक्टंटमुळे. फेस हा त्याचा शेजारी आहे, कामगार नव्हे. भरपूर फेस यावा म्हणून वेगळी द्रव्यं घालता येतात आणि घालतातही. उलट फ्रंट लोड वॉशिंग मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची करतात, कारण त्या मशीनमध्ये कपडे वरून खाली आपटून धुतले जातात आणि फेस जास्त झाला तर आपटणंच बंद पडतं. तिथे साधी पावडर जास्त टाकली की कपडे चांगले निघत नाहीत आणि वर मेकॅनिकला फोन करायची वेळ येते. फेसाची तक्रार एका बाबतीत खरी असते: बोअरच्या जड पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही, कारण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा चोथा करतं. बादलीच्या काठावर बसणारा करडा थर तो हाच. डिटर्जंटला हा त्रास बराच कमी होतो.

फेनेलचा पांढरेपणा हा तर जुनाच विश्वास. दारावर थंड पेयाच्या जुन्या बाटल्यांत भरून विकायला येणारं फेनेल बादलीत ओतलं की पाणी दुधाळ होतं, आणि आपण म्हणतो, स्ट्राँग आहे हो. पांढऱ्या फेनेलमध्ये पाइन ऑइलसारखं तेल आणि ते पाण्यात मिसळायला लागणारा इमल्सिफायर असतो. पाण्यात पडल्यावर तेलाचे बारीक थेंब होतात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि पाणी पांढरं दिसतं. थोडंसं तेलसुद्धा बादलीभर पाणी दुधाळ करायला पुरतं. जंतुनाशक म्हणून त्याचा कस किती, हे रंगावरून कळत नाही. ते मोजायची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे, तिला रिडील-वॉकर चाचणी म्हणतात. विषमज्वराच्या जंतूंवर शुद्ध फिनॉल किती काम करतं आणि आपलं द्रावण किती, याची तुलना करून आकडा काढतात. फिनॉलवर आधारलेल्या जंतुनाशक द्रवांसाठी भारतीय मानक आहे, आयएस 1061, आणि त्यात प्रती या आकड्यावरूनच ठरतात. दारावरच्या बाटलीवर यातलं काही छापलेलं नसतं. तिच्यात अनेकदा पाणी, सेंट आणि जेमतेम दुधाळपणापुरतं तेल असतं. फरशीला वास येतो, बाकी पोछ्याच्या फडक्याची आणि हाताची मेहनत.

आता 99.9 टक्क्यांकडे. हा आकडा खोटा नाही, पण तो कशाचा आहे ते बघावं लागतं. प्रयोगशाळेत ठरावीक जातीच्या जंतूंवर, ठरावीक प्रमाणातलं द्रावण, ठरावीक मिनिटं ठेवून तो मिळवलेला असतो. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत ती मिनिटं दिलेली असतात, बऱ्याचदा पाच किंवा दहा. आपण फवारा मारतो आणि लगोलग पुसून मोकळे होतो. शिवाय हिशेब करून पाहा. 10 लाख जंतूंपैकी 99.9 टक्के मेले तर 1000 उरतात. मनासारखी ऊब, ओल आणि अन्न मिळालं, तर ई. कोलाय सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो. दहा वेळा दुप्पट झाले की 1000 चे परत 10 लाख, म्हणजे साधारण साडेतीन तासांत जैसे थे. घरातल्या ओट्यावर एवढी मौज त्यांना सहसा मिळत नाही, पण ओला ओटा आणि ओलं फडकं रात्रभर तसंच ठेवलं तर मिळते. माझं मत विचाराल तर साध्या साबणाने धुतलेला आणि कोरडा पुसलेला ओटा जंतुनाशक शिंपडलेल्या ओल्या ओट्यापेक्षा बरा. घरात कुणाला जुलाब-उलट्या असतील, तेव्हा जंतुनाशक काढावं आणि तेव्हा मिनिटं घड्याळात मोजावीत. कोविडच्या काळात लोकांनी भाजीसुद्धा साबणाने धुतली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाला 2020 मध्ये सांगावं लागलं की फळं-भाज्यांना साबण किंवा जंतुनाशक लावू नका, स्वच्छ पाण्याने धुवा.

कपड्यांच्या बाबतीत जाहिरातीने आपल्याला पांढरेपणा शिकवला. करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये अहमदाबादेत घरच्या घरी पिवळी पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली, तेव्हा तिची किंमत नामांकित पावडरच्या कितीतरी खाली होती. सोडा ॲश आणि ॲसिड स्लरी हा तिचा साधा सरळ मामला. त्या स्वस्ताईला उत्तर म्हणून हिंदुस्थान लिव्हरने जाहिरातीत ललिताजी उभ्या केल्या. कविता चौधरी यांनी रंगवलेली, दर पैशाचा हिशेब मागणारी ती गृहिणी ॲलेक पदमसी यांच्या लिंटास या जाहिरातसंस्थेने घडवली होती. दोन्ही बाजूंच्या चाहत्यांना वाटतं की आपलीच बाजू बरोबर. महाग पावडरीत नुसते जाहिरातीचेच पैसे असतात असं नाही. त्यात एन्झाइम असतात, ते रक्ताचे, दुधाचे, घामाचे डाग तोडतात. फक्त त्यांना वेळ लागतो, म्हणून भिजवणं आलं, आणि उकळत्या पाण्यात ते निकामी होतात. रक्ताचा डाग गरम पाण्याने आणखी पक्का बसतो, हे आजीला माहीत होतं. सोड्याचं प्रमाण जास्त असलेल्या पावडरीने हात चरचरतात, हे मावशींना माहीत आहे.

पांढरेपणाची गोष्ट मात्र वेगळी. पावडरीत ऑप्टिकल ब्राइटनर नावाची द्रव्यं असतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. जुना पिवळट सदरा त्यामुळे डोळ्यांना पांढरा दिसतो. एखाद्या पार्टीत जांभळे दिवे लावले की पांढरे शर्ट अंधारात चमकतात, ते याच रसायनामुळे. आजोबांच्या धोतराला नीळ देत, तिचाही डाव तोच होता: पिवळ्यावर निळ्याची मात. मळ मात्र त्यात कुठेच निघालेला नसतो.

'नैसर्गिक' या शब्दाची चलती आहे, म्हणून त्याच्याबद्दल दोन वाक्यं. रिठ्यात सॅपोनिन असतात, ते खरोखर साफ करतात आणि डोळ्यांत गेले की साबणाइतकेच झोंबतात. 'केमिकल-फ्री' असं काही जगात नसतं, रिठाही नाही आणि पाणीही नाही.

घरगुती उपायांतला सर्वांत लाडका म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर. फसफस उठते, बघायला छान वाटतं. पण एक अल्क आणि एक आम्ल एकमेकांना मारून टाकतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मोरीत उरतं ते सोडियम ॲसिटेटचं मवाळ पाणी. वेगवेगळे वापरले तर दोघेही उपयोगी: सोडा घासायला, व्हिनेगर नळावरच्या पांढऱ्या खरपुड्यांना. ती खरपुडी म्हणजे जड पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट. तिथे साबण काही करू शकत नाही, आम्लच लागतं. वाण्याकडचं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून फडकं गुंडाळून ठेवलं, तर नळ अर्ध्या तासात मोकळा होतो.

तेच आम्ल फरशीवर मात्र वैरी ठरतं. शहाबाद म्हणजे चुनखडीचा दगड, संगमरवरही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच. त्यावर ॲसिड ओतल्यावर चर्र आवाज येऊन फेस येतो, तो मळ निघाल्याचा नसतो. दगड विरघळत असतो. दोन-चार वेळा असं केलं की फरशीची चमक जाते, ती खरखरीत होते आणि मळ जास्त धरते. मग पुन्हा ॲसिड. टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही असंच पोखरलं जातं.

आणि एक गैरसमज असा आहे की तो घरात ठेवून चालतच नाही: दोन औषधं एकत्र केली की दुप्पट काम होतं. संडासच्या बहुतेक क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचच्या बाटलीत सोडियम हायपोक्लोराइट असतं, आणि ग्रामपंचायतीच्या विहिरीसाठी येते ती टीसीएल पावडर त्याच्याच कुळातली. ही दोन्ही भेटली की क्लोरीन वायू सुटतो. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममध्ये इप्रच्या रणांगणात जर्मन सैन्याने जो वायू सोडला, तोच. दिवाळीच्या साफसफाईत, खिडकी बंद असलेल्या चार बाय तीनच्या संडासात, डाग हटत नाही म्हणून आधी एक आणि मग दुसरं ओतलं जातं. डोळ्यांत आग, घशाला ठसका, छातीत आवळल्यासारखं. तेव्हा पाणी ओतत बसू नये, दार उघडं टाकून बाहेर यावं. त्रास थांबला नाही तर दवाखाना. अमोनियाच्या काचक्लीनरसोबत ब्लीच वापरलं, तर क्लोरामाइन होतात, तेही फुप्फुसाला तितकेच वाईट. टीसीएलबद्दल आणखी एक: पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं की क्लोरीन निघून जातो आणि उरतो नुसता चुना. तेव्हा चमचे मोजून काही उपयोग नाही.

सर्वांत मोठा धोका दुकानातल्या बाटलीचा नाही, रिकाम्या पाण्याच्या बाटलीत भरलेल्या ॲसिडचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ॲसिडच्या विक्रीवर बंधनं घातली: 18 वर्षांखालच्यांना विक्री नाही, गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघायचं, नोंदवहीत नाव लिहायचं. तरी फेरीवाल्याच्या सायकलला बाटल्या लटकलेल्या दिसतातच, आणि घरात त्या ओट्याखाली, बटाट्यांच्या टोपलीशेजारी उभ्या असतात. पोराने चुकून घोट घेतला, तर घरातलं कुणीतरी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला धावतं. ॲसिड किंवा कॉस्टिक जाताना अन्ननलिका भाजतं आणि ओकताना वर येऊन पुन्हा भाजतं. ओकारी काढू नये, लिंबू किंवा सोडा पाजून मारायचा प्रयत्न करू नये. तोंड पाण्याने धुवावं, बाटली सोबत घ्यावी आणि रुग्णालय गाठावं. डोळ्यांत उडालं तर नळाखाली वाहत्या पाण्यात निदान 15 मिनिटं डोळा धरावा आणि मगच रिक्षा शोधावी. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, त्याचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो बाटलीत काय होतं हाच, आणि बाटलीवर मिनरल वॉटरचं लेबल असेल तर त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं.